मातीवाचून वाढणारे रोप : सुरतेच्या घरातील निगा

टिलँड्सिया ही अमेरिका खंडातील, अननसाच्या कुळातील वनस्पती होय. तिची मुळे फांदीला धरून राहण्यापुरतीच असतात. पाणी ती पानांवरील सूक्ष्म खवल्यांवाटे शोषते. झाडाचा रस ती घेत नाही. तेव्हा तिला बांडगूळ म्हणणे अन्यायाचे होईल.

‘ती हवेवरच जगते’ हा समज मात्र तिच्या मुळावर येतो. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात, विशेषतः वातानुकूलित खोलीत, आठवड्यातून एक-दोनदा रोप अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवावे. पानांची रंध्रे रात्री उघडतात. म्हणून हे काम सकाळीच उरकणे इष्ट.

तापीकाठच्या सुरतेत खरा धोका असतो तो जून ते सप्टेंबर या काळात. दमट हवेत पानांच्या बेचक्यात साचलेले पाणी सुकत नाही, गाभा कुजतो आणि वरून हिरवे दिसणारे रोप हाती घेताच त्याची पाने सुटी होतात. यास्तव पाण्यातून काढलेले रोप झटकून उलटे ठेवावे व सुमारे चार तासांत कोरडे होईल असा वारा द्यावा. साधा पंखा पुरतो. बंद काचपात्र शोभिवंत खरे, पण पावसाळ्यात घातकच. रोप बांधण्यास तांब्याची तार वापरू नये. तांबे त्यास विषारी ठरते.