मशेरी सुटेल का?

प्रश्न : माझ्या सासूबाई रोज चार वेळा मशेरी लावतात. एक वेळ चुकली तरी डोकं धरतं, चिडचिड होते. ‘दात घासते, व्यसन कसलं?’ म्हणतात. काय करावं?
– एक वाचक, जामसंडे

उत्तर : मशेरी म्हणजे भाजून कुटलेला तंबाखूच. त्यातलं निकोटीन हिरड्यांवाटे रक्तात आणि तिथून मेंदूत जातं. दोनेक तासांत रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं, रात्रीत आणखी उतरतं. म्हणून उठल्या उठल्या डबी लागते. मशेरीने थांबणारी डोकेदुखी बहुधा तिच्याच अभावाने सुरू झालेली असते. मशेरीने पोट साफ होतं असं अनेकजणी म्हणतात, तेही खरं, कारण निकोटीन आतड्यांना चालना देतं.

कोकणात बाईने विडी ओढली तर गाव बोलतं, मशेरीला कुणी काही म्हणत नाही. पडवीत शेजारणीसोबत ती लावणं हाच कितीतरी जणींचा निवांत वेळ असतो. तो हिरावू नका, त्या वेळी त्यांच्याजवळ बसा. डबी लपवून तर मुळीच काही साधत नाही. सोडल्यावर पहिले तीन-चार दिवस जड जातात, बहुतेक त्रास महिन्याभरात ओसरतो. डॉक्टरांना विचारून निकोटीनचं च्युइंगगम देता येईल. १८००-११-२३५६ वर मोफत सल्ला मिळतो. तोंडात पांढरा चट्टा दिसला किंवा तोंड कमी उघडू लागलं, तर मात्र लगेच दंतवैद्यांकडे न्या.