एका तव्यावर अंडं आणि टोस्ट

प्रश्न : मी तुळजापुरात शिकायला खोली घेऊन राहते. एक शेगडी आणि लोखंडी तवा आहे, फ्रिज नाही. अंडं तव्याला चिकटतं, ब्रेड करपतो. अंडी बाहेर टिकतात का?
– एक विद्यार्थिनी, तुळजापूर

उत्तर : आधी ब्रेड भाजा. मंद आचेवर थोडं तेल लावून दोन्ही बाजू उलथन्याने हलक्या दाबत सोनेरी करा, बाजूला ठेवा. मग आच मध्यम करून चमचाभर तेल घाला. ते तापून सहज पसरू लागलं की अंडं फोडा आणि लगेच हलवू नका. पांढरा भाग घट्ट झाला की तवा सोडतो. मीठ-मिरपूड घालून झाकण ठेवा. बलकही घट्ट होऊ द्या. अंड्यात साल्मोनेला जिवाणू असले, तर ते नीट शिजवल्यानेच मरतात.

उन्हाळ्यात तुमच्याकडे पारा चाळिशी गाठतो, म्हणून दोन दिवसांपुरतीच अंडी आणा आणि सावलीत, कोरड्या जागी ठेवा. आणल्या-आणल्या धुऊ नका. कवचावरचा संरक्षक थर जातो. पाण्यात तरंगणारं अंडं जुनं, ते टाळा.

एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं असतात. दोन अंडी, दोन टोस्ट आणि एक टोमॅटो खाऊनच वर्गाला जा. उपाशीपोटी अभ्यासात मन लागत नाही.