अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर काय?



आईवडिलांचे छत्र हरपलेल्या लेकराला दोन घास देणारे हात आपल्या राजूरमध्ये आजही आहेत. आजी, मामा, शेजारी अशी मुले सांभाळतात. परंतु मूल अठरा वर्षांचे झाले, की "आता कामाला लाग" असे आपण सहज म्हणतो. मग ते मिळेल त्या मजुरीला जाते आणि शिक्षण तिथेच थांबते.

संत जॉन बॉस्को यांनी इटलीतील तुरीन शहरात निराधार मुलांना आसरा दिला. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. १८५० च्या दशकाच्या आरंभी मुलांना कारागिरांकडे शिकाऊ म्हणून ठेवताना ते लेखी करार करू लागले. मालकाने धंदा नीट शिकवावा, इतर कामांना जुंपू नये, रविवारी सुट्टी द्यावी, अशा त्यात अटी असत. भाकरीबरोबरच त्या मुलांना आपल्या बाजूने उभा राहणारा माणूस मिळाला.

आपल्या विदर्भातही असे उदाहरण आहे. अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी बेवारस दिव्यांग मुलांना स्वतःचे नाव दिले. त्यांची दृष्टिहीन मानसकन्या माला २०२४ साली एमपीएससीची परीक्षा उत्तीर्ण झाली. अठरा वर्षांनंतरही अशा मुलांना आश्रमातच राहू द्यावे, ही बाबांची जुनी मागणी आहे.

शासनाच्या काही सोयी आपण जाणून घ्याव्यात. नातेवाइकांकडे वाढणाऱ्या पात्र मुलांना बालसंगोपन योजनेतून २०२३ पासून दरमहा २,२५० रुपये मिळतात. पण अठराव्या वर्षापर्यंतच. बालगृह सोडणाऱ्यांसाठी २०१५ च्या बालन्याय कायद्यात एकवीस वर्षांपर्यंत अनुरक्षणाची तरतूद आहे. २०१८ पासून महाराष्ट्रात अनाथांना शिक्षणात व शासकीय नोकरीत १ टक्का समांतर आरक्षण आहे. त्यासाठी महिला व बालविकास विभागाचे अनाथ प्रमाणपत्र लागते. आईवडिलांचे मृत्यूचे दाखले व मुलाचा जन्मदाखला वेळीच काढून ठेवले नाहीत, तर पुढे हक्क असूनही हात रिकामे राहतात.

अनाथांची काळजी घेणे हीच खरी भक्ती, असे संत याकोब आपल्याला शिकवतात. आपण स्वतःला विचारू या:

१. आपल्या गल्लीत असे मूल कोण आहे? त्याचे कागद कोणाजवळ आहेत?
२. आयटीआयच्या प्रवेशाचा अर्ज भरायला आपल्यापैकी कोण त्याच्यासोबत जाईल?
३. आपण त्याला कामावर ठेवले, तर हुन्नर शिकवतो की नुसते राबवून घेतो?

या रविवारी निदान एका मुलाची विचारपूस करू या.