निदानाची रुजुवात

माझ्या धाकट्या बहिणीच्या व्याधीचे पहिले निदान ज्या दवाखान्यात झाले, तेथे तिची हकीकत पुरती ऐकून घेण्याइतकी सवड कोणासच नव्हती. सबब मनाची चंचलता तेवढी पाहून ‘बायपोलर’ असा शेरा मारला गेला, आणि पुढे कित्येक महिने लिथियमच्या गोळ्या व त्यांपायी कराव्या लागणाऱ्या रक्ततपासण्या हाच तिचा दिनक्रम होऊन बसला. आप्तेष्टांचे निदान तर याहूनही सुलभ होते: पोरगी लाडावली आहे, लग्न उरकून टाका.

दुसऱ्या मानसोपचारतज्ज्ञांनी मात्र आईला जवळ बसवून विचारले, “हिचे बिनसते ते कशावरून, आणि किती वेळ?” आईने सांगितले, की सकाळी मैत्रिणीने फोन उचलला नाही एवढ्यावरून ‘मी कोणालाच नकोशी आहे’ म्हणत दार लावून घेणारी ही मुलगी, दुपारी तिचाच निरोप येताच तिच्यासारखी जिवलग दुसरी नाही म्हणून सांगू लागते. बायपोलरमधील उन्माद वा खिन्नता बहुधा दिवसेंदिवस मुक्काम ठोकते. या डॉक्टरांनी ओळखलेल्या ‘बॉर्डरलाइन’ व्यक्तिमत्त्वविकारात मनःस्थिती काही तासांत पालटते, आणि तिच्या मुळाशी पुष्कळदा आपल्याला टाकून दिले जाईल ही भीती असते. दोन्ही विकार एकाच व्यक्तीत असू शकतात, म्हणून ही रुजुवात तज्ज्ञानेच करावयाची. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या ज्या वर्गीकरणात बॉर्डरलाइन विकार १९८० साली प्रथम दाखल झाला, त्याच्या आजच्या आवृत्तीप्रमाणे नऊ लक्षणांपैकी किमान पाच आढळावी लागतात. एका भांडणावरून कोणाला ‘बॉर्डरलाइन’ ठरवणे हा शुद्ध अन्याय होय. घरच्यांनी कोणत्या प्रसंगाने काय झाले आणि ते किती वेळ टिकले, याचे टिपण ठेवून ते डॉक्टरांपुढे ठेवावे.

उपचारांविषयी एवढेच सांगतो, की जोडीला आलेल्या नैराश्यावर औषधे उपयोगी पडतात, परंतु बॉर्डरलाइनचा मुख्य उपचार संवादाचा. सिएटलच्या मार्शा लिनेहान यांनी सिद्ध केलेल्या ‘डीबीटी’ (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) या पद्धतीत रुग्ण दररोज एका पत्रकावर भावनांची तीव्रता अंकांत मांडतो, आणि आठवड्याच्या भेटीत त्यावरूनच बोलणे होते. ते पत्रक म्हणजे शाळेचा गृहपाठ, अशी बहिणीची तक्रार असे, व ती अगदीच खोटी नव्हती. पण तारुण्यात आपणही अशाच यातनांपायी रुग्णालयात होतो, हे लिनेहानबाईंनी २०११ साली जाहीरपणे सांगितल्याचे तिला कळले, तेव्हा पुढच्या भेटीची तारीख तिने प्रथमच आपण होऊन विचारली. हा उपचार महिनोन्‌महिने चालतो आणि जाणणारे तज्ज्ञ आपल्याकडे मोजकेच आहेत. तरी दीर्घकाळ पाठपुरावा केलेल्या रुग्णांपैकी बहुतेकांची लक्षणे कालांतराने ओसरलेली आढळली आहेत.

घरी भावनांचे वादळ ऐन भरात असता तर्क लढवू नये. शांतपणे जवळ राहावे, बोलणे मागाहून करावे. स्वतःला इजा करण्याची भाषा कानी आली, तर तिला ‘नाटक’ म्हणून झिडकारू नका, त्याच दिवशी मदत मिळवा. शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र विनामूल्य चालतो, आणि तेथे मराठीतून बोलता येते.