वामनवृक्ष आणि पावसाची झड

उन्हाळ्यात ज्या कुंडीस आपण दोन्ही वेळा पाणी घालतो, तीच कुंडी मृगाची पहिली सर येताच अंगणात उघडी ठेवून निश्चिंत होतो. पाऊस म्हणजे झाडांची पर्वणीच, असा आपला समज! परंतु जपानी लोक ज्यास बोन्साय म्हणतात, त्या वामनवृक्षाची गोष्ट निराळी आहे.

मुळांस पाण्याइतकीच हवाही लागते. मातीच्या कणांमधील पोकळ्या पाण्याने भरून राहिल्या म्हणजे प्राणवायूची वाट खुंटते. कारण हवेपेक्षा पाण्यातून तो सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो. मग मुळे गुदमरून कुजू लागतात.

उथळ कुंडीत हे अरिष्ट लवकर का ओढवते? विद्यार्थ्यांनी एक प्रयोग करून पाहावा. लांबट स्पंज पाण्यात पुरता भिजवून आडवा धरावा. पाणी गळावयाचे थांबले, की तोच उभा धरावा. आणखी पुष्कळ पाणी गळेल. कुंडीचेही असेच आहे. तळाशी चिकटून राहणाऱ्या पाण्याचा थर मातीच्या बारीकपणावर अवलंबून असतो, कुंडीच्या खोलीवर नव्हे. खोल कुंडीत हा थर मुळांपासून दूर राहतो. उथळ कुंडीत सारी मुळे त्यातच बुडतात. म्हणून झड लागली, की कुंडीच्या एका कडेखाली विटेचा तुकडा सारून ती तिरपी करावी.

आमच्या हाती एक वड होता. एका विद्यार्थ्याने शाळेच्या भिंतीच्या फटीतून काढून आणलेले ते रोप आम्ही दहा वर्षे वाढविले. एका आषाढात पाने पिवळी पडून गळू लागली. आम्ही ही भूक समजून पेंडीचे पाणी घातले! कुंडीतून झाड उपसले तेव्हा मुळे काळी पडली होती आणि त्यांची साल बोटांत निघून येत होती. पुढे तो विद्यार्थी भेटीस आला, तेव्हा त्यास काय सांगावे हे आम्हांस सुचेना. दोष पावसाचा नव्हता. आम्ही कुंडीत बागेतील चिकण माती भरली होती. तिच्याऐवजी ३ ते ६ मिलिमीटरचे विटेचे खडे व जाड वाळू घेऊन त्यांतील धूळ चाळून टाकावयास हवी होती.

अशा मिश्रणात वड, पिंपळ, उंबर बहुधा पाऊस सोसतात. गोरखचिंच आपल्या खोडात पाणी साठविते. तिला मात्र झडीत वळचणीस न्यावे. पुण्यास वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर महाबळेश्वरी ५,००० हून अधिक. तेव्हा एका गावचा नियम दुसऱ्या गावी चालेलच असे नाही. कुंडी पागोळीखाली मात्र कोठेही ठेवू नये. तेथे माती वाहून जाते. झाडास मेणकापडात गुंडाळणेही अयोग्य, कारण त्याने हवा कोंडते.

आणखी एक. वळचणीस नेलेल्या झाडाच्या मातीत रोज बोट घालून पाहावे. बाहेर धो धो पाऊस पडत असता आत कुंडी कोरडी पडते आणि ते कोणाच्या ध्यानातही येत नाही.