जुन्या दुचाकींचा हंगाम : एक अभ्यास

'जुने ते सोने' ही म्हण आपण निबंधात हटकून वापरतो. माझ्या घरी मात्र जुने म्हणजे किलोच्या भावाने जाणारे लोखंड, असाच हिशेब मी लहानपणापासून पाहत आले आहे. माझे वडील पाटणला एस. टी. स्टँडच्या मागे मोटारसायकल दुरुस्तीचे काम करतात. त्यांचे शिक्षण सातवीपर्यंत झाले. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच.

या वर्षी इतिहासाच्या तासाला सरांनी आम्हांस एक काम दिले. भूतकाळ जपणारी एखादी संस्था निवडायची आणि ती तो कसा जपते हे लिहायचे. कोणी वस्तुसंग्रहालय निवडले, कोणी गडकिल्ल्यांची निगा राखणारे मंडळ, तर कोणी गावचे देवस्थान. मी जुन्या मोटारसायकलींचा क्लब निवडला, तेव्हा वर्गात हशा पिकला. प्रस्तुत लेख हे त्या हशाला उत्तर नव्हे. अभ्यास करता करता माझाच एक समज खोटा ठरला, तो वाचकांपुढे ठेवावा एवढाच हेतू आहे.

क्लबाचा जन्म

जुन्या मोटारसायकली जपण्याची चळवळ इंग्लंडमध्ये फार आधीपासून आहे, म्हणून तेथील उदाहरण घेते. 'व्हिंटेज मोटर सायकल क्लब' ही संस्था एप्रिल १९४६ मध्ये स्थापन झाली. चार्ल्स एडमंड ॲलन या गृहस्थांनी पुढाकार घेतला. लोक त्यांना 'टिच' ॲलन म्हणत. गिल्डफर्ड शहराजवळच्या हॉग्ज बॅक नावाच्या टेकडीवरील एका उपाहारगृहात ३८ मंडळी जमली आणि क्लब सुरू झाला.

साल लक्षात घेण्याजोगे आहे. दुसरे महायुद्ध संपून वर्षही झाले नव्हते. पेट्रोल शिधापत्रिकेवर मिळत होते. युद्धकाळात जुने लोखंड वितळवण्यासाठी गोळा केले जात असे आणि ज्या गाड्या त्यातून वाचल्या त्यांना विचारणारे कोणी नव्हते. माणसे घर, अन्न आणि नोकरी यांच्या विवंचनेत असताना ही ३८ माणसे मोडक्या गाड्यांसाठी एकत्र आली. मला वाटते, वस्तू नाहीशा होताना डोळ्यांसमोर दिसल्या म्हणूनच ती जमली असावीत.

आरंभी १९३० सालच्या अखेरपर्यंत बनलेल्या गाड्यांनाच प्रवेश होता. पुढे नियम बदलला आणि २५ वर्षांहून जुनी गाडी चालू लागली. हा नियम मोठा चतुर आहे. वर्ष ठरवून दिले असते तर क्लब त्याच गाड्यांबरोबर म्हातारा झाला असता. 'पंचवीस वर्षे' म्हटल्यामुळे दर वर्षी नव्या गाड्या जुन्या होऊन आत येतात आणि त्यांच्याबरोबर तरुण माणसेही येतात.

हंगाम म्हणजे काय ?

या क्लबांचे वर्ष आपल्या शेतीच्या वर्षासारखे चालते. इंग्लंडात हिवाळ्यात दिवस लहान असतो आणि बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. मीठ म्हणजे लोखंडाचा वैरी. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी गाड्या घरात असतात. हा काळ इंजिन खोलण्याचा, झिजलेले भाग बदलण्याचा आणि रंगरंगोटीचा.

वसंत ऋतू लागताच मार्चमध्ये 'पायोनियर रन' निघते. ती 'सनबीम मोटर सायकल क्लब' ही १९२४ सालची दुसरी संस्था भरवते. ही यात्रा प्रथम १९३० साली निघाली. तीत १९१४ च्या अखेरपर्यंत बनलेल्या गाड्यांनाच भाग घेता येतो. लंडनच्या दक्षिणेकडील एप्सम डाऊन्सपासून समुद्रकाठच्या ब्रायटनपर्यंत ती अनेक वर्षे जात आली. या गाड्यांपैकी कित्येकांना गिअर नसतो आणि इंजिनाची ताकद चामड्याच्या पट्ट्याने चाकाला मिळते. तेल आपोआप फिरत नाही. स्वाराने दर काही मैलांनी हातपंप दाबून ते इंजिनात सोडायचे असते. चढ आला की काही गाड्यांना सायकलसारखे पायडल मारावे लागते. तरीही जमले नाही तर स्वार उतरून गाडीबरोबर पळतो.

जून महिन्यात 'बॅन्बरी रन' असते. ही व्हिंटेज क्लबाची सर्वांत नावाजलेली यात्रा, १९४९ पासूनची. तीत १९३० अखेरच्या गाड्या येतात. अलीकडे ती वॉरिकशायरमधील गेडन येथील मोटार संग्रहालयाच्या आवारातून निघते. वाटेत सनरायझिंग हिल नावाचा खडा चढ आहे. कोणाची गाडी तो चढते आणि कोणाची धापा टाकत थांबते, हे पाहायला लोक रस्त्याच्या कडेला जमतात. ही शर्यत नव्हे. शंभर वर्षांची गाडी घेऊन सकाळी निघून संध्याकाळी तिच्यावरच बसून परत येणे, हाच येथे पराक्रम.

एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये स्टॅफर्डला मोठी प्रदर्शने भरतात. एकाने हंगामाची सुरुवात होते, दुसऱ्याने सांगता. अधल्यामधल्या रविवारी गावोगावच्या शाखांच्या लहान फेऱ्या चालूच असतात.

आता या वेळापत्रकाचे मर्म सांगते. मार्चमध्ये किक बसली पाहिजे असे ठरलेले असते, म्हणूनच गाडी जानेवारीत खोलली जाते. तारीख नसती तर 'बघू पुढच्या महिन्यात' म्हणत ती कोपऱ्यात गंजली असती. पेरणीची तारीख असते म्हणून औत दुरुस्त होते, तसेच हे आहे.

रांगेतली शिस्त

पन्नास गाड्या एकत्र निघाल्या तर शेवटच्याला वाट कशी कळावी ? यासाठी अनेक क्लब एक साधी युक्ती वापरतात. पुढे वाटाड्या असतो आणि सर्वांत मागे एक ठरलेला स्वार. वळण आले की वाटाड्याच्या लगेच मागे असलेला गडी तेथे थांबतो आणि येणाऱ्यांना हाताने दिशा दाखवतो. शेवटचा स्वार दिसला की तो पुन्हा रांगेत शिरतो. पुढच्या वळणावर दुसऱ्याची पाळी. अशा रीतीने प्रत्येकजण कधी ना कधी पुढे असतो आणि कधी ना कधी इतरांसाठी थांबतो. मला येथे आषाढीच्या दिंडीची आठवण झाली. तेथेही चालीचा वेग सर्वांत थकलेल्याकडे पाहून ठरतो.

चकाकी की खरेपणा ?

प्रदर्शनात मात्र वेगळाच वाद आहे. काहीजण गाडी इतकी चकचकीत करतात की ती कारखान्यातून निघतानाही तशी नसेल. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की मूळ रंग, घासलेली टाकी, फाटलेली सीट हाच गाडीचा दाखला होय, तो खरवडून टाकू नये. अशा गाडीला ते 'ऑइली रॅग' म्हणजे तेलकट फडक्याची गाडी म्हणतात, कारण तिला रंग न लावता तेलाच्या फडक्याने पुसत राहायचे असते. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना हा वाद परका नाही. जुन्या देवळाला ऑइलपेंट फासावा की दगड तसाच ठेवावा, हाच तो प्रश्न.

खरेपणा ठरवायचा तर कागद लागतो. व्हिंटेज क्लबाचे बर्टन-ऑन-ट्रेंट येथे ग्रंथालय आहे. बंद पडलेल्या कारखान्यांच्या नोंदी, माहितीपुस्तिका आणि नकाशे तेथे जपले आहेत. इंजिनावरचा आणि सांगाड्यावरचा क्रमांक ताडून क्लब गाडीच्या वयाचा दाखला देतो आणि तो सरकारी नोंदणीसाठी उपयोगी पडतो. म्हणजे छंद म्हणून जमलेली माणसे प्रत्यक्षात दफ्तरखाना चालवतात.

आपल्याकडचे चित्र

या सर्वाचा आपल्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आमच्या गल्लीतच उभा आहे. बुलेट ही रॉयल एनफिल्ड या इंग्रज कंपनीची गाडी. तिचा मूळ कारखाना रेडिच येथे होता. १९५५ साली मद्रासच्या कंपनीशी करार झाला आणि बुलेट आपल्याकडे बनू लागली. इंग्लंडमधील उत्पादन १९७० मध्ये संपले, पण मद्रासचे थांबले नाही. १९७७ पासून तर बुलेट येथून इंग्लंडला जाऊ लागली. जन्मगावी संपलेली वस्तू परक्या गावी वापरामुळे जगली, याहून बोलके उदाहरण मला सापडले नाही.

दुसरे उदाहरण जावा आणि येझदी यांचे. जावा ही मूळची चेकोस्लोव्हाकियाची. आपल्याकडे म्हैसूरच्या 'आयडियल जावा' कारखान्यात १९६० च्या दशकाच्या आरंभापासून ती बनत असे आणि पुढे येझदी या नावाने निघाली. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. जावा हे नाव २०१८ मध्ये नव्या गाड्यांवर पुन्हा आले, पण जुन्या गाड्या ज्यांनी चालत्या ठेवल्या ते साधे मालक आणि कारागीर होते. २००३ पासून जुलैचा दुसरा रविवार 'आंतरराष्ट्रीय जावा दिन' म्हणून पाळला जातो आणि आपल्या देशातही त्या दिवशी ऐन पावसात गाड्यांच्या रांगा निघतात. एरवी आपला हंगाम इंग्लंडच्या उलट : पावसाळ्यात विश्रांती, हिवाळ्यात भटकंती.

कायद्यानेही या छंदाची दखल घेतली आहे. २०२१ साली केंद्र सरकारने ५० वर्षांवरील वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. अशा वाहनाला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. ते रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, परंतु प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणे यांसाठी आणता येते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये आहे. हा आकडा वाचला आणि हा छंद कोणाचा, हे माझ्या लक्षात आले.

एक प्रसंग

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत एका क्लबाच्या वीसेक जुन्या गाड्या कराडकडून आल्या. कुंभार्ली घाटाने त्यांना चिपळूणला उतरायचे होते. आमच्या गावात एक येझदी बंद पडली. गाडी अण्णांकडे आणली. अण्णांनी प्लग काढून त्याचा रंग पाहिला, सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला आणि म्हणाले, "हिचा श्वास कोंडलाय." येझदीच्या पेट्रोलमध्येच तेल मिसळलेले असते, ते जळून कार्बनची काजळी सायलेन्सरमध्ये साचते. त्यांनी सायलेन्सर खोलून काजळी काढली, पॉइंट साफ केला आणि गाडी पहिल्या किकला सुरू झाली. येझदीची किक आणि गिअर हा एकच दांडा असतो. किक मारून झाल्यावर तोच खाली वळवून गिअर टाकायचा. तो वळवताना अण्णांचा पाय जसा पडला तसा त्या मालकांचाही पडत नव्हता.

मंडळी सज्जन होती. पैसे दिले, आभार मानले. मग सर्वांनी गाडीभोवती उभे राहून फोटो काढला. अण्णांना कोणी बाजूला व्हा म्हटले नाही, पण पुढे याही म्हटले नाही. ते आपणहूनच हात पुसत मागे सरले. खरे सांगायचे तर मीही त्यांना पुढे व्हा म्हटले नाही. समोर माझ्या दोन मैत्रिणी उभ्या होत्या. कॉलेजच्या प्रवेश अर्जावर वडिलांच्या व्यवसायापुढे मी 'खाजगी काम' असे लिहिले होते. तेलकट हात म्हणजे अडाणीपणा, हाच तो माझा समज.

निष्कर्ष

या अभ्यासातून मला असे दिसले की वस्तू चालती ठेवायला तीन गोष्टी लागतात : ठरलेली तारीख, जपलेला कागद आणि जाणता हात. इंग्लंडच्या क्लबाने पहिल्या दोन्हींची व्यवस्था लावली. तिसरीची व्यवस्था कोठेच आपोआप होत नाही. नुसती गाडी ठेवली आणि काजळी कशी काढावी हे कोणी लिहून ठेवले नाही, तर ती गाडी काचेमागच्या तलवारीसारखी होईल. आपल्याकडे हा तिसरा भाग सातवी शिकलेल्या माणसांच्या डोक्यात आणि बोटांत आहे. तो माणसाबरोबर जातो.

म्हणून दिवाळीपासून मी वही घातली आहे. रात्री जेवण झाले की अण्णा सांगतात आणि मी लिहिते. पहिल्या दिवशी ते म्हणाले, "अगं, ह्यात काय लिहायचं असतं ? हे हाताला कळतं." मी म्हटले, "तुमच्या हाताला कळतं, अण्णा. माझ्या हाताला कुठे कळतं ?" तेव्हा ते थोडे थांबले आणि मग प्लगच्या रंगांपासून सुरुवात केली : काळा कोरडा, काळा ओला, पांढरा आणि विटकरी.

आतापर्यंत सतरा पाने झाली आहेत. कार्बोरेटर आणि क्लच अजून बाकी आहेत. या अंकाच्या वाचकांपैकी कोणाच्या घरी येझदी, राजदूत किंवा जुन्या बुलेटची मूळ माहितीपुस्तिका असेल, तर ती मला दोन दिवसांपुरती पाहावयास द्यावी, ही विनंती. अण्णांचे सांगणे आणि कारखान्याचे सांगणे कोठे जुळते आणि कोठे वेगळे पडते, हे मला ताडून पाहायचे आहे.