बालकांचे बूट : माप आणि निवड

आमच्या मारुंजी-हिंजवडी परिसरातील अनेक पालक कपड्यांप्रमाणेच मुलांचे बूटही 'वाढत्या अंगाचे' घेतात. कपड्यांत ही काटकसर खपते. सैल बुटात मूल अडखळते. घट्ट बूट अधिक घातक. बालकाच्या पावलातील हाडे कोवळी, बऱ्याच अंशी कूर्चामय असतात. ती दबली तरी मूल सहसा रडत नाही. म्हणून तक्रारीची वाट न पाहता मापच घ्यावे, असे आम्ही सुचवितो. सायंकाळी मुलास कागदावर उभे करून दोन्ही पावले आखावीत. मोठ्या पावलाच्या अंगठ्यापुढे सुमारे एक सेंटिमीटर जागा राहील असा, रुंद चवड्याचा, सहज वाकणारा बूट निवडावा. माप दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा पाहावे. भावंडाचा झिजलेला बूट देऊ नये.

चालू न लागलेल्या बालकास तर बूट नकोतच. मणिपालच्या डॉक्टरांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या २३०० मुलांच्या पाहणीत पादत्राणे वापरणाऱ्या ८.६ टक्के, तर अनवाणी वावरणाऱ्या २.८ टक्के मुलांत सपाट पाऊल आढळले. अर्थात बांधकामाच्या खिळ्या-काचांत मुलास अनवाणी सोडणे नव्हे. घरात मात्र खुशाल हिंडू द्यावे.